माळकरी व्याही आणि लाल वाईन

आमच्या सोसायटीत कुणाकडे बाहेरगावचे पाहुणे आले की हल्ली मला फोन येतो. "काकू, चांगली वाईन कुठे मिळेल हो?" मुलुंडमध्ये तीस वर्षं काढली मी. एवढ्या वर्षांत लोकांनी मला सुरमई कुठे ताजी मिळते आणि ब्लाऊज कोण चांगला शिवतं, एवढंच विचारलं. आता वाईन विचारतात. ही विद्या माझ्याकडे आली ती माझ्या व्याह्यांमुळे, आणि माझे व्याही पडले माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात मांसमच्छी नाही, दारूच्या बाटलीला बोट लावणं नाही. आता बोला!

मी स्वतः काही पिणारी बाई नव्हे. सासरे गिरणीत होते, मूळचे मालवणकडचे. गटारीला घरात एक बाटली यायची, मी कोलंबी तळून द्यायची आणि तोंड फिरवून बसायची. नवऱ्याला साखरेचा त्रास सुरू झाल्यावर तीही बाटली बंद झाली. ऑफिसच्या एका पार्टीत कुणीतरी माझ्या हातात वाईनचा ग्लास दिला होता, तो मी कुंडीत ओतला. वाईनचा माझा अनुभव म्हणजे एवढाच.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या थोडं आधी व्याही आमच्याकडे आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन मुलुंडलाच करायचं ठरलं होतं, आठ दिवस मुक्काम. ते दिंडोरीकडचे, द्राक्षवाले. माझी मुलगी त्यांच्या धाकट्या मुलाला दिलेली. सगळं घर माळकरी, माझा जावईसुद्धा. लग्न झालं आणि माझ्या पोरीने बांगडा सोडला, ह्याचं दुःख माझ्या नवऱ्याला अजून आहे. व्याही आले म्हणून आम्हीही आठ दिवस मासे बंद ठेवले. नवरा डाळभाताकडे बघून असा उसासा टाकायचा की मला लाज वाटायची.

ऑपरेशन झकास झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी व्याही काळा चष्मा लावून गॅलरीत चहा पीत बसले होते. नवरा फिरायला गेला होता. त्यांनी दोनदा घसा खाकरला आणि म्हणाले, "विहीणबाई, तुमच्याशी एक खोटं बोललोय मी. लग्नाच्या बोलणीत आमची वरच्या अंगाची बाग बेदाण्याची आहे म्हणून सांगितलं होतं. ती बेदाण्याची नाही. ती द्राक्षं वाईनला जातात."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय? माळ घालून दारूची द्राक्षं पिकवतो, म्हणून गाव बोलतं. अठरा वर्षं बोलतंय. भजनाला बसलो की कुणीतरी खोकून विचारतं, काय, औंदा बाटल्या किती? थोरल्याला आता ते सहन होत नाही. बाग उपटून खायची द्राक्षं लावू म्हणतो. छाटणी तोंडावर आलीय. सोमवारी घरी पोचलो की त्याला सांगायचंय, कात्री आणायची की जेसीबी."

"तुमचं मन काय म्हणतं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "मला ती बाग सगळ्यात जास्त आवडते," म्हणाले. "बारीक मणी, जाड साल, काळेभोर घड. पोरासारखं केलंय तिचं. पण खरं सांगू? तिचं पुढे काय होतं ते मला माहीतच नाही. वाईनवाले येतात, गोडी मोजतात, माल चांगला आहे काका म्हणतात, गाडी भरून नेतात. ती वाईन चांगली होते की नाही, ती पितं कोण, शहाणी माणसं की गटारात लोळणारी, काहीच कळत नाही. आमच्यात कुणी चाखणार नाही. ती चांगली होत असेल तर मी गावाची बोलणी आणखी अठरा वर्षं खाईन. नसेल, तर कशाला? तुम्ही मुंबईचे. मला एकदा दाखवा, आणि चाखून खरं काय ते सांगा."

हे त्यांनी माझ्या नवऱ्याला न विचारता मला विचारलं, ह्याचं मला फार बरं वाटलं. आणि बरं वाटलं की मी कसलीही जबाबदारी घेते, ही माझी जुनी खोड.

लगेच रिक्षा केली. स्टेशनजवळ मोठी पाटी आहे, वाईन म्हणून. मुंबईत दारूच्या प्रत्येक दुकानावर तशी पाटी असते, हे मला ठाऊक होतं, पण आत काय असतं ते ठाऊक नव्हतं. सकाळचे अकरा वाजले होते आणि जाळीसमोर पुरुषांची ही गर्दी. मी पदर सावरून उभी, शेजारी माळ, टोपी आणि काळा चष्मा घातलेले व्याही. लोक वळून वळून बघायला लागले. मला वाटलं आता कुणीतरी काहीतरी बोलणार. तर पुढचा माणूस बाजूला झाला आणि ओरडला, "ए, मावशीला पुढे जाऊ द्या रे!" सगळी रांग बाजूला सरली. कुणी हसलं नाही, कुणी विचारलं नाही. ह्या शहराला मी रोज शिव्या घालते, पण त्या क्षणी ऊर भरून आला.

दुकानदाराने मात्र वाट लावली. "वाईन? ती वर आहे," म्हणून त्याने सगळ्यात वरच्या फळीकडे बोट केलं. पाच-सात बाटल्या धूळ खात उभ्या, त्यांच्यावर खिडकीतून थेट ऊन. "कोणती देऊ? सगळ्या सारख्याच. लोक गिफ्टला नेतात."

व्याही चष्मा वर करून बघत राहिले. वाईनवाल्यांकडून त्यांनी ऐकलं होतं, बाटली थंडाव्याला, अंधारात आणि आडवी ठेवायची. "उन्हात ठेवलीय हो," ते मला हळूच म्हणाले. तान्ह्या मुलाला कुणी उन्हात ठेवलं असतं तर ज्या आवाजात बोलले असते, त्याच आवाजात. मी न घेताच त्यांना बाहेर आणलं.

रिक्षात बसल्यावर मी भाचीला फोन लावला. ती अंधेरीला कामाला आहे, तिला असलं सगळं माहीत असतं. ती आधी पोट धरून हसली आणि मग एक दुकान सांगितलं. घाटकोपरला जाऊन मेट्रो पकडली. मेट्रोत व्याह्यांना बसायला जागा मिळाली, मी उभ्याने त्यांना पवई कुठे नि विमानतळ कुठे ते दाखवत होते. त्यांचं लक्ष नव्हतं. परीक्षेला निघालेल्या पोरासारखे गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते.

अंधेरीचं ते दुकान म्हणजे आत शिरताच गारवा. बाटल्या आडव्या, लाकडी खणांत, दिवे मंद. आणि काउंटरमागे एक मुलगी, पंचविशीतली, कुर्ल्याची. तिने माझ्याकडे बघितलं, व्याह्यांच्या माळेकडे बघितलं, आणि चेहऱ्यावरची रेघ हलू न देता म्हणाली, "या ना काका, काय हवंय?"

मी सगळं सांगून टाकलं. माझ्या पोटात काही राहत नाही. द्राक्षाचं नाव व्याह्यांनी सांगितलं, शिराज, आणि माल नेणाऱ्या वाईनवाल्यांचंही. ती मुलगी काउंटरच्या बाहेरच आली. "काका, तुम्ही पिकवता? स्वतः? थांबा थांबा." तिने आतून आणखी दोघांना हाक मारली. मग प्रश्न सुरू झाले. जमीन काळी की मुरमाड? रात्री थंडी किती पडते? घड किती विरळ करता? आपण विकतो त्याबद्दल तिला केवढी माहिती, आणि तरी केवढी भूक! व्याही उत्तरं देत होते आणि ती चक्क वहीत लिहून घेत होती. भजनाला ज्यांच्याकडे बघून लोक खोकतात, ते हेच. इथे तीन तरुण माणसं त्यांच्यापुढे हात बांधून उभी होती. मला त्या मुलीची दृष्टच काढावीशी वाटली.

तिने त्यांच्या वाईनवाल्यांची बाटली काढून दोन्ही हातांत दिली. "ह्यात तुमची द्राक्षं असणार काका." व्याह्यांनी ती डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितली.

"दुकानात चाखायला देता येत नाही," ती मला म्हणाली. "घरी न्या. उघडून अर्धा तास तशीच ठेवा. फ्रीजरमध्ये नको, बर्फ नको. आणि मावशी, उपाशीपोटी घटाघटा पिऊ नका, मसालेदार जेवणाबरोबर घोट घोट घ्या." हे सगळं मी मान हलवून ऐकलं, आणि बाटली पिशवीत घालून बाहेर पडल्यावर विसरले. कारण शेजारीच हॉटेल होतं, ग्लासावर वाईन मिळते अशी पाटी होती, आणि मला अजिबात दम निघत नव्हता. आत जाऊन मी तीच वाईन एक ग्लास मागवली, व्याह्यांना दहीभात.

ग्लास आला. आता मी सोलकढी पिणाऱ्या घरातली. सोलकढी कशी पितात? वाटी उचलायची आणि एका दमात संपवायची. मी अर्धा ग्लास तसाच आत ढकलला.

अरे देवा! जीभ टाळ्याला चिकटली. हिरड्या आवळल्या. कच्ची सुपारी चावल्यासारखं तोंड झालं आणि डोळ्यांत पाणी आलं. समोर व्याही चष्मा काढून माझ्याकडे बघत होते. मुलीचे सासरे! आपल्याकडे व्याह्यांच्या घरचं काहीही पुढ्यात आलं की काय म्हणायचं असतं ते लहानपणापासून अंगात मुरलेलं आहे. त्यांच्याकडचा लाडू दगड असला तरी तो खुसखुशीत असतो.

"वा!" मी म्हटलं. "काय गोड आहे हो!"

"गोड?" ते पुढे वाकले. "नक्की गोड?"

इथे तरी मी थांबायचं ना! पण नाही. "एकदम गोड! सरबतासारखी. मधच जणू."

ते मागे टेकले. दहीभात तसाच राहिला. मला वाटलं त्यांना भरून आलंय, म्हणून मी स्वतःवर खूष होऊन उरलेला ग्लाससुद्धा संपवला, नाक न मुरडता.

घाटकोपरहून मुलुंडला रिक्षाने येताना त्यांनी थोरल्याला फोन लावला. "हां, सोमवारच्यासाठी जेसीबीवाल्याला सांगून ठेव. काढून टाकू." एवढंच बोलले नि फोन ठेवला.

"अहो, असं काय करता? मी तर चांगली म्हटलं!"

"तुम्ही खरं सांगितलंत, उपकार झाले," ते म्हणाले आणि त्यांनी मला हात जोडले. "ह्या द्राक्षाची गोडी वेलीवर असावी लागते. वाईन होताना ती सगळी संपली पाहिजे, थेंबभरसुद्धा राहता कामा नये. वाईनवाल्यांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, ही वाईन गोड लागली तर समजा बिघडली. म्हणजे एकतर आमचा माल कामाचा नाही, नाहीतर हे लोक साखर ढकलतात. एवढं ऐकून घेतलं मी, ते काय सरबतासाठी?"

रिक्षातून उडी मारावी असं वाटलं मला. काय सांगणार होते? तुमची वाईन मला गिळवेना, म्हणून मी खोटं बोलले? मुलीच्या सासऱ्यांना? भांडुपपर्यंत मी गप्प होते. मी भांडुपपर्यंत गप्प बसले ही गोष्ट माझ्या नवऱ्याला अजून खरी वाटत नाही.

घरी आल्यावर व्याही आत जाऊन आडवे झाले आणि मी स्वयंपाकघरात नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भडकला की मालवणीवर येतो. "गो, खोटा कित्याक सांगलंस?"

"मानपान नको ठेवायला?"

"माणसाची बाग चाललीहा, तुका मानपान सुचता! जा, आताच्या आता सांग."

आयुष्यात मी कुणाची माफी मागितलेली नाही. ऑफिसात साहेबाची नाही, सासूची नाही. चहाचा कप घेऊन आत गेले. व्याही उठून बसले. मी उभ्यानेच बोलायला लागले. "मी खोटं बोलले. ती गोड नव्हती. तुरट होती, भयंकर तुरट. तोंड सुकलं माझं. मला ती आवडली नाही. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून गोड म्हटलं."

मला वाटलं होतं ते रागावतील. त्यांनी शांतपणे कप घेतला आणि म्हणाले, "विहीणबाई, तुमचं मन फार मोठं आहे. रिक्षात मी गोड नको म्हणालो, म्हणून आता तुम्ही तुरट म्हणताय. बाग वाचवायला."

घ्या! खोटं बोलले तेव्हा विश्वास ठेवला, खरं सांगितलं तर मन मोठं. मी शपथ घ्यायला लागले, तर ते हसून नको नको म्हणाले. त्यांचं तरी काय चुकलं? एकदा मानपानासाठी बोललेली बाई दुसऱ्यांदा कशासाठी बोलतेय, हे कुणी कसं ओळखावं? मला रडूच कोसळलं.

तेवढ्यात नवरा दारात. हातात अंधेरीची बाटली. "बूच कुठे ह्याचं? अरे, फिरकीचं झाकण आहे," म्हणत त्याने ती उघडलीसुद्धा. "व्याही, हिच्यावर विश्वास ठेवू नका. मी सांगतो. मला मानपान कळत नाही, सगळ्या मालवणला ठाऊक आहे. आणि दोन घोटांनी माझी साखर काही आभाळाला टेकत नाही." अर्धा तास थांबायचं असतं, असं मी ओरडेपर्यंत त्याने स्टीलच्या पेल्यात ओतून मोठा घोट घेतला.

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. डोळे मिटले, ओठ आत गेले, मान हलली. आणि मग सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात तो ओरडला, "आवशीचो घो! माझा तोंड सुकला! ह्याच्यात गोड कायच नाय!"

मी कपाळावर हात मारला. व्याह्यांसमोर शिवी! पण व्याही पलंगावरून उठले होते. "काय म्हणालात? परत म्हणा."

"तुरट आहे हो. कडक. डॉक्टर मला गोड बंद सांगतात ना, त्यांनी ही लिहून द्यावी."

"आणि नंतर? घोट गेल्यावर?"

नवऱ्याने जीभ फिरवली. पहिल्यांदाच जरा विचार केला. "नंतर... थांबा. जांभूळ. जांभूळ खाल्ल्यावर जिभेला राहतं ना, तसं काहीतरी. नि जरा मिरी."

व्याह्यांनी नवऱ्याचा हात धरला. पिकल्यावर त्यांच्या बागेतला मणी चावला की साल शेवटी तशीच लागते म्हणाले, जांभळासारखी. वेलीखाली उभं राहून ते दरवर्षी चावून बघतात, आणि हे त्यांनी आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

मग आम्ही त्या मुलीने सांगितलं तसं केलं. बाटली अर्धा तास उघडी ठेवली. मी काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं, खोबरं चांगलं भाजून, झणझणीत, आणि आंबोळ्या घातल्या. व्याह्यांनी आंबोळी वाढून घेतली, आमच्या पेल्यांत त्यांनी स्वतःच्या हातांनी वाईन ओतली. आयुष्यात पहिल्यांदा बाटलीतून ओतत होते, धार सांडू नये म्हणून श्वास धरून. मी सांबाऱ्याचा घास खाल्ला, वर एक लहान घोट घेतला. काय सांगू! तीच वाईन, पण तुरटपणा मसाल्याशी असा जमला की मी पुढचा घास आणि पुढचा घोट घेऊनच थांबले. नवरा पेल्यात बर्फ टाकायला निघाला, तर मी त्याच्या हातावर चापट मारली. "खबरदार वाट लावशील तर! बिघडवायची नसेल तर इकडे दे, मी पिते."

व्याही जेवायचं थांबून माझ्याकडे बघत होते. "चांगली आहे?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"चांगली?" मी म्हटलं. "अहो, फार चांगली आहे. तुमची बाग फार चांगली आहे." ह्या वेळी त्यांनी माझं मन मोठं असल्याचं काही म्हटलं नाही.

हात धुऊन त्यांनी थोरल्याला फोन लावला, आमच्यासमोरच. "जेसीबीला नको म्हण. कात्र्या धार लावून आण. आणि भजनाला कुणी विचारलं तर सांग, वाईनची बाग आहे, बापाने लावलीय." पलीकडून थोरला काहीतरी विचारत होता, बहुधा काय झालं म्हणून. "काय झालं म्हणजे?" व्याही म्हणाले. "अरे, अठरा वर्षं पिकवतोय आपण. चव कशी लागते ते आज कुणीतरी सांगितलं."